गुरुवारच्या सिस्टरांची वही

आमच्या आरोग्यकेंद्राच्या मागच्या अंगाला एक खोली होती. मोडके वजनकाटे, खाटांचे गंजलेले पाय आणि जंतुनाशकाचे रिकामे डबे तिथे वर्षानुवर्षे पडून असत, आणि दारावर माझ्या अक्षरात 'निरुपयोगी साहित्य' अशी पाटी होती. एका सकाळी आमच्या एका परिचारिकेने ती पाटी खिळ्यासकट उपटून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"साहेब, ही राहू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत आता माणसं बसणार आहेत. त्यांना वाचता येत नसेल, पण त्यांच्या आयांना येतं."

मी त्या केंद्राचा कार्यालय अधीक्षक होतो. बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या आत-बाहेर होत्या; अंगाने किरकोळ, आवाज मात्र दोन माणसांचा. नवरा बसच्या कार्यशाळेत फिटर, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरचे सांगण्यासारखे एवढेच. ज्यांना जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे अशा मोठ्या वयाच्या माणसांसाठी आठवड्यातून एक सकाळ त्यांनी मागून घेतली होती. ती गुरुवारी मिळाली आणि त्या आयुष्यभरासाठी 'गुरुवारच्या सिस्टर' झाल्या. लोक त्यांना हमखास विचारत, "तुमच्या घरी आहे का हो कुणी तसं?"

"आहे ना," त्या सांगत. "नवरा. पण त्याची कुठे नोंदच होत नाही."

खरी सुरुवात झाली होती ती कागदांपासून. सर्वसाधारण रांगेत अशी माणसे आली की डॉक्टर घाईत असत, रांग कुरकुर करी, रुग्ण तोंड उघडत नसे किंवा हात देत नसे, आणि केसपेपरवर तीन शब्द पडत: 'सहकार्य करत नाही.' की झाली तपासणी. सिस्टरांनी मागच्या दोन वर्षांचे असे सदतीस कागद माझ्या दप्तरातून काढले. त्यांतल्या एकतीस कागदांवर तेच तीन शब्द होते.

"एकतीस जण, साहेब! यांतल्या निम्म्यांना धड बोलता येत नाही, आणि एकमताने असहकार! आपल्या कर्मचारी संघटनेला कधी जमलं होतं का हे?"

त्यांनी मग जी पद्धत बसवली ती मी अन्यत्र कुठे पाहिलेली नाही. त्यांच्या खोलीत रुग्णाने आधी सिस्टरांना तपासायचे. ज्याला काट्यावर चढायची भीती, त्याने आधी सिस्टरांना चढवायचे आणि काटा कुठे थांबला ते बघायचे. जिला जिभेवर पट्टी नको, तिने आधी सिस्टरांच्या जिभेवर पट्टी ठेवायची, हवी तेवढी दाबायची. दारातून मी एकदा पाहिले, तर पन्नाशीचा एक गृहस्थ सिस्टरांच्या पाठीला कानातली नळी लावून गंभीरपणे डोके हलवत होता. "काय निघालं, डॉक्टर?" त्यांनी विचारले. त्याने पुष्कळ विचार करून सांगितले, "पाऊस." कित्येकदा महिनेच्या महिने एवढेच चाले, तपासणी अशी होतच नसे. मग एखाद्या गुरुवारी तो माणूस आपण होऊन हात पुढे करी. त्या दिवशी एकाच्या तोंडात दुखरा दात सापडे, दुसऱ्याच्या लघवीत साखर सापडे, तिसरीच्या कानात आठ वर्षांपूर्वीचा मणी.

हे सगळे त्यांनी एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत टिपून ठेवले होते. एका माणसाला एक पान. एकेचाळीस माणसे, एकेचाळीस पाने. मला ती वही बघवत नसे. तीन रंगांची शाई, समास नाही, तारखा नाहीत, कुठे आडव्या ओळी तर कुठे उभ्या. तिच्यातल्या काही नोंदी मला अजून पाठ आहेत. 'पंखा बंद करा, पंख्याखाली बसत नाही.' 'आईला बाहेर बसवा. आई घाबरते म्हणून ही घाबरते.' 'हसतो तेव्हा दुखत असतं. फसू नका.' 'दुखणार नाही असं म्हणू नये. एकदा म्हटलं, दीड महिना वाया गेला.'

एकोणिसावे पान मास्तरांचे होते. मास्तर शाळेत कधी गेले नव्हते. वय बेचाळीस, कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्या थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे, राहत. कुठेही गेले की आधी हजर माणसे मोजायची आणि उशिरा येणाऱ्याला झापायचे, म्हणून ते नाव. एका गुरुवारी मी दोन मिनिटे उशिरा खोलीत शिरलो तर मलाही म्हणाले, "घड्याळ नाही?" सिस्टर पदराआड हसल्या. माझ्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न विचारणारे ते एकटेच.

पहिल्यांदा आले तेव्हा मात्र मास्तर कोणालाच झापत नव्हते. सुजलेला चेहरा, गार पडलेले हात-पाय, दिवसातले पंधरा तास झोप. ताई म्हणाल्या होत्या, "अशी माणसं वयाबरोबर मंदावतातच, सगळे सांगतात." सिस्टरांना ते पटले नाही. पण रक्त घेतल्याशिवाय काही कळणार नव्हते, आणि मास्तर सुई दिसली की टेबलाखाली जात. सात महिने गेले. सात महिन्यांनी त्यांनी हात दिला, आणि निदान झाले ते अगदी साधे: गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम बंद पडत आले होते. रोज सकाळी एक गोळी, आणि तिचा डोस बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी ठरावीक महिन्यांनी रक्ताची तपासणी. चार महिन्यांत मास्तर दुकानात कपड्यांच्या घड्या घालू लागले आणि गिऱ्हाइकांना रांगेत उभे करू लागले.

त्यांच्या पानावर लिहिले होते: 'रबर आधी मास्तरांच्या हातात द्यावं. ते माझ्या दंडाला बांधतात. मूठ म्हणाले की मूठ करायची. दहापर्यंत मोजतात. सात गाळतात, सुधारू नये. मध्ये कुणी सात म्हटलं तर चिडतात आणि पुन्हा एकपासून. मग झालं, शहाणी, असं म्हणतात. त्यानंतर स्वतः हात देतात. घाई केली तर त्या दिवशी काही होणार नाही, घरी पाठवावं.'

अकरा वर्षे असे चालले. सिस्टरांच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना वरच्या कार्यालयाचे पत्र आले. सदर कार्यक्रम एकाच कर्मचाऱ्यावर अवलंबून असल्याचे दिसून येते; तरी लेखी कार्यपद्धती व रुग्णांच्या नोंदी विहित स्वरूपात सादर कराव्यात, अन्यथा संबंधित कर्मचाऱ्याच्या सेवानिवृत्तीबरोबर कार्यक्रम समाप्त समजावा. पत्रात चूक काढण्यासारखे काही नव्हते. मी स्वतः लिहिले असते तर असेच लिहिले असते.

सिस्टर पत्र घेऊन माझ्यापुढे बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर प्रथमच खुर्चीच्या पूर्ण बैठकीवर बसल्या असतील. एरवी कडेला टेकत. "मला माझा सत्कार नको, हार नको," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर त्या दाराला पुन्हा तुमची ती पाटी लागू नये. तेवढं करा."

मी ते केले. सहा रविवार बसून मी चौदा रकान्यांचा नमुना तयार केला आणि वही त्यात उतरवली. नाव, वय, पालक, निदान, औषध, पुढील तपासणी. बाराव्या रकान्यात 'वर्तन', आणि त्यात तीन पर्याय: सहकार्य करतो, सहकार्य करत नाही, आक्रमक. खाली टीप दिली की तिसरा पर्याय लागू झाल्यास रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. शेवटी एक कलम घातले: मंजूर नमुन्यात कोणीही परस्पर बदल करू नये. हे कलम मला फार आवश्यक वाटले होते, कारण माझ्या मागे येणाऱ्यांच्या अक्षरावर माझा विश्वास नव्हता.

सिस्टरांनी कागद वाचले. एकोणिसाव्या क्रमांकाशी त्यांचे बोट थांबले. "इथे रक्ताच्या रकान्यात 'नेहमीप्रमाणे' लिहिलंय."

"मग काय लिहू? रुग्णाने कर्मचाऱ्याच्या दंडाला रबर बांधावे?"

"तसंच तर आहे."

"वरचे साहेब हसतील, सिस्टर. आणि उद्या कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणावर?"

"अकरा वर्षांत माझा हात तुटून नाही पडला." मग त्यांचा आवाज खाली आला. "एक 'इतर' असा रकाना टाका ना, साहेब. माझी सगळी माणसं त्यातच बसतील."

'इतर' या रकान्याबद्दल माझे मत तेव्हा ठाम होते. ज्याला वर्गवारी जमत नाही तो कारकून 'इतर' लिहितो, असे मी पुष्कळांना सुनावले होते, त्यांनाही सुनावले. "तुम्हाला वरच्यांचं कळतं," त्या शेवटी म्हणाल्या. "खोली वाचली म्हणजे झालं."

खोली वाचली. नमुना जसाच्या तसा मंजूर झाला, आणि इतर केंद्रांनी तो पाहावा असा शेराही आला. तो शेरा मी दोनदा वाचला, हे लपवण्यात अर्थ नाही. नक्कल प्रमाणित झाली की मूळ अनौपचारिक कागद नष्ट करावेत असा आमच्याकडे नियम होता. मी तो पाळला. निळी वही कागद फाडायच्या यंत्रात गेली, तिचा चुरा झाला आणि त्या दाखल्यावर मी सही केली. सिस्टरांना वाटत होते की वही माझ्या कपाटात आहे. त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या परिचारिका वयाने लहान, कामाला नेक आणि बोलायला गोड होत्या. त्यांच्यावर मी दोष ठेवू इच्छित नाही. तिसऱ्या महिन्यात मास्तरांची पाळी आली. नव्या बाईंनी नमुना वाचला, 'नेहमीप्रमाणे' वाचले आणि जगात सगळीकडे नेहमी करतात तसे केले: रबर उचलले आणि मास्तरांच्या दंडाला बांधू लागल्या. मास्तर म्हणाले, "आधी तू." बाईंना काही कळले नाही. "घाबरू नका हं, दुखणार नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांनी हात हिसडला. ट्रे पडला, कोपर बाईंच्या ओठाला लागून रक्त आले. त्यांनी रडत रडत बाराव्या रकान्यात तिसऱ्या पर्यायाखाली रेघ मारली.

मोठ्या रुग्णालयाला द्यायचे पत्र माझ्या टेबलावर आले. मी नाव वाचले आणि मला एकोणिसावे पान आठवले. पत्र नियमाप्रमाणे होते, क्रमांक बरोबर होता. मी सही केली. त्यानंतर महिन्याभरात मीही निवृत्त झालो.

दीड वर्षाने एका दुपारी सिस्टर माझ्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या. बहिणीच्या गावाहून बऱ्याच महिन्यांनी परतल्या होत्या आणि ताईंच्या दुकानात साड्या टाकायला गेल्या होत्या.

"मास्तर दुकानाच्या कोपऱ्यात पोत्यासारखे बसलेत," त्या म्हणाल्या. "मी आत गेले तर मोजलं नाही. चेहरा सुजलाय, हात बर्फ. ताई काय म्हणाल्या सांगू? मोठ्या रुग्णालयात चौघांनी धरलं, एक जण छातीवर बसला, आणि रक्त घेतलं. जनावर धरतात तसं. ताईंनी कानाला खडा लावला, पुन्हा नेलंच नाही. रक्ताचा कागद नाही म्हणून खिडकीवर गोळ्या देईनात. सव्वा वर्ष गोळी नाही, साहेब." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "त्या नव्या बाईंना मी आत्ता भेटून आले. त्या म्हणतात, असं काही लिहिलेलंच नव्हतं. एकोणिसावं पान कुठे गेलं?"

मी सांगितले. यंत्र, दाखला, सही, सगळे सांगितले. दाखल्याचा क्रमांकही मला आठवत होता. तोही मी सांगितला.

त्या बराच वेळ माझ्या कपाटाकडे बघत राहिल्या. माझ्या कपाटात फायली उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. "छान ठेवता हो तुम्ही सगळं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा हातात नवी वही होती. आठवेल तसे लिहिले होते. सव्वीस पाने भरली होती. उरलेल्या पंधरा पानांवर नुसती नावे होती. "कुणाचा पंखा आणि कुणाचा दिवा, सरमिसळ होते आता," त्या म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर. तुमचं ऐकतील."

आम्ही केंद्रात गेलो. माझ्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांनी मला उठून बसायला दिले, वही आदराने चाळली आणि माझाच नमुना काढून माझ्यासमोर धरला. "साहेब, शेवटचं कलम बघा ना. परस्पर बदल करता येत नाही. खाली सही तुमचीच आहे."

"मग वर पाठवा," सिस्टर म्हणाल्या.

"पाठवतो की. पण वर विचारतील, अडचण काय आहे? अहवालात तर काहीच अडचण नाही." त्यांनी अहवाल दाखवला. नोंदणीकृत रुग्ण एकेचाळीस. कार्यक्रम खंड न पडता सुरू. दोन्ही विधाने खरी होती. त्या दिवशी गुरुवारच होता. आम्ही मागे जाऊन पाहिले, तर खोलीत पंखा गरगरत होता, बाकावर दोन आया आपापल्या लेकींना घट्ट धरून बसल्या होत्या, आणि बाकीचा बाक रिकामा होता. नऊ जण येतात, असे नव्या बाईंनी खालच्या आवाजात सांगितले. मग म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही मास्तरांना आणा. मी बघते. त्या रेघेचं मी काहीतरी करते."

ताईंना तयार करायला सिस्टरांना पाच फेऱ्या घालाव्या लागल्या. शेवटच्या फेरीला मी बरोबर होतो. ताईंनी इस्त्री खाली न ठेवता मला विचारले, "तुम्हीच ना ते पत्र दिलं होतं? सही छान होती तुमची." मग सिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही स्वतः असाल तर आणते. तुमच्याशिवाय नाही."

पुढच्या गुरुवारी मास्तर आले. पायरी चढताना दोनदा थांबले. आत चार माणसे होती. त्यांनी मोजली नाहीत. नव्या बाईंनी कोणी न सांगता पंखा बंद केला आणि दार लोटून घेतले. सिस्टर त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर बसल्या, ब्लाऊजची लांब बाही वर केली, दंड पुढे धरला आणि रबर मास्तरांच्या मांडीवर ठेवले.

"मास्तर, आधी मी. बांधा."

मास्तर रबराकडे बघत राहिले. मग त्यांनी ते उचलून सिस्टरांच्या हातात परत दिले, स्वतःचा हात टेबलावर सरळ ठेवला, तोंड भिंतीकडे फिरवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"बघा," ताई मागून म्हणाल्या, "किती शहाणा झालाय."

सिस्टरांनी रबर हातात धरून ठेवले. त्यांनी ते बांधले नाही. शेवटी नव्या बाईंनीच बांधले. सुई टोचली तेव्हा सिस्टर मास्तरांच्या कानाशी वाकून मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. इथे त्या थांबल्या. मग स्पष्ट, जवळजवळ चिडवल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "सात."

मास्तर काही बोलले नाहीत. सिस्टरांनी पुन्हा म्हटले, "सात, मास्तर. सात म्हटलं मी." मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. आठ, नऊ, दहा सिस्टरांनी मोजलेच नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरली, मास्तर आता दुकानात बसून टॉवेलांच्या घड्या घालतात, न सांगता आणि न बोलता. नव्या बाईंनी त्या दिवशी माझा नमुना काढला, बाराव्या रकान्यातली आधीची रेघ खोडली आणि पहिल्या पर्यायाखाली नवी रेघ मारली: सहकार्य करतो. त्यांना बिचाऱ्यांना आनंद झाला होता. त्यांनी कागद वळवून सिस्टरांना दाखवला. सिस्टरांनी तो वाचला, बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावले.